आतड्यांचे मज्जातंतू आणि जुनाट मलावरोध
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, उद्योग, विवाह, ज्ञातीचा पूर्वेतिहास अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत आजचा आमचा विषय काहीसा विसंगत वाटेल, आणि काहींना तो सभेत उच्चारण्याजोगाही वाटणार नाही. तो विषय म्हणजे जुनाट मलावरोध. परंतु ज्या व्यथेविषयी घरातल्या घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही, तिच्याविषयी ज्ञातीच्या सभेत बोलले जावे, अशीच आमची भूमिका आहे. न बोलण्याचे परिणाम कोणाला तरी भोगावे लागतात. आणि ते बहुधा घरातल्या सुनेला, वयात आलेल्या मुलीला, थकलेल्या वृद्धाला किंवा चार दिवसांच्या तान्ह्या बाळाला भोगावे लागतात.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. मलावरोधाची तक्रार करणाऱ्या बहुसंख्य लोकांना कोणताही गंभीर रोग नसतो. शौचाचा क्रम माणसागणिक भिन्न असतो. दिवसातून 3 वेळा जाणारा आणि आठवड्यातून 3 वेळा जाणारा, असे दोघेही निरोगी असू शकतात. पाणी कमी पिणे, आहारात भाजीपाला व कोंडा नसणे, बैठे काम, शौचाची भावना झाली असता ती दाबून ठेवणे, लोहाच्या गोळ्या व काही वेदनाशामक औषधे, थायरॉईड ग्रंथीची मंदता, मधुमेह, ही नेहमीची कारणे होत. अशा लोकांना आहार सुधारला, नियमित वेळ पाळली आणि रात्री इसबगोल घेतला म्हणजे बहुधा आराम पडतो. आजचे व्याख्यान त्यांना भिवविण्यासाठी नाही.

परंतु या मोठ्या समुदायात एक लहान वर्ग असा आहे की, ज्याच्या बाबतीत दोष खाण्यात नाही, वागण्यात नाही आणि मनातही नाही. तो आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंमध्ये आहे. या वर्गातील माणसाने कितीही पालेभाजी खाल्ली, पहाटे उठून कितीही पाणी प्यायले, तरी त्याचा कोठा हलत नाही. आणि घरची माणसे मात्र त्याच्या आळसाला व अपथ्याला दोष देत राहतात. हा दोष त्याचा नव्हे, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. ते पटावे म्हणून आतड्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थराचे तंतू आतड्याभोवती कड्याप्रमाणे वेढलेले असतात आणि बाहेरच्या थराचे तंतू लांबीच्या दिशेने गेलेले असतात. या दोन थरांच्या मध्ये मज्जापेशींचे एक सूक्ष्म जाळे अन्ननलिकेपासून गुदद्वाराच्या जवळपर्यंत अखंड पसरलेले आहे. आणखी एक जाळे आतल्या अस्तराखाली असते. जर्मन शास्त्रज्ञ मायसनर यांनी 1857 साली अस्तराखालील जाळ्याचे वर्णन केले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्रेस्लाव येथील औअरबाख यांनी स्नायूंमधील जाळे शोधून काढले. आजही ती दोन्ही जाळी त्यांच्याच नावांनी ओळखली जातात. या दोन्ही जाळ्यांत मिळून दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत.

हे जाळे काय करते, याचा उलगडा लंडनमधील बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी 1899 साली केला. हे दोघे नात्याने मेहुणे होते. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिली होती. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे सर्व मज्जातंतू तोडून टाकले आणि आतड्याच्या पोकळीत उत्तेजन दिले. मेंदूचा व पाठीच्या कण्याचा संबंध तुटलेला असूनही उत्तेजनाच्या वरच्या बाजूस आतडे आकुंचन पावले आणि खालच्या बाजूस ते सैल पडले. अरुंद गल्लीतून पालखी जात असता मागचे लोक पुढे रेटतात आणि पुढचे बाजूस सरून वाट देतात, तसाच हा प्रकार होय. नुसते मागून रेटून पालखी पुढे जात नाही. पुढच्यांनी वाट द्यावी लागते. या क्रियेला क्रमसंकोच म्हणतात, आणि तिचे नियंत्रण आतड्याचे स्वतःचे मज्जाजाल करते. 1921 साली लँग्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वायत्त मज्जासंस्थेचे विभाग पाडताना आतड्याच्या या जाळ्याला स्वतंत्र विभागाचा मान दिला, तो याच कारणास्तव.

या मिरवणुकीला टाळकरीही आहेत. 1906 सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल, यांनी मज्जातंतू आणि स्नायू यांच्या दरम्यान असणाऱ्या काही विशिष्ट पेशींचे वर्णन केले होते. त्यांचे कार्य दीर्घकाळ गूढ राहिले. 1990 नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांनी असे सिद्ध झाले की, आतड्याच्या स्नायूंना ताल देण्याचे काम या पेशी करतात. जठराचा ताल मिनिटास सुमारे 3 असतो आणि लहान आतड्याच्या आरंभी तो सुमारे 12 होतो. मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असून त्याची चाल संथ असते. मळ पुढे ढकलणाऱ्या जोरदार लाटा त्यात दिवसातून काही थोड्याच वेळा उठतात; त्याही मुख्यतः झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर. सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर शौचाची भावना होते, तिचे मूळ येथेच आहे. ती वेळ साधणे हा पूर्वजांचा शिरस्ता शास्त्रशुद्ध होता.

आपल्या आयुर्वेदानेही मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोष्ठाचे प्रकार मानले असून मळ खाली नेण्याचे कार्य अपान वायूकडे सोपविले आहे. मज्जाजालाची कल्पना त्या ग्रंथांत शोधणे योग्य होणार नाही. परंतु दोन माणसांनी एकच अन्न खाल्ले तरी त्यांचा कोठा सारखा चालत नाही आणि हा भेद जन्मजात असू शकतो, हे निरीक्षण त्यांत निश्चित आहे.

आता मज्जाजालात दोष असल्यास काय घडते, ते पाहू. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नवजात बालकांत आढळते. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली बर्लिन येथील सभेत दोन बालकांचा वृत्तांत सांगितला. दोघांनाही जन्मापासून तीव्र मलावरोध होता, पोटे फुगली होती, आणि दोघेही दगावली. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. साहजिकच रोग त्या फुगलेल्या भागात आहे असे मानले गेले, आणि पुढील साठ वर्षे बहुतेक उपचार त्याच समजुतीवर चालले. प्रत्यक्षात वस्तुस्थिती उलट होती. फुगलेला भाग निरोगी होता. त्याच्या खालचा, वरवर साधा दिसणारा अरुंद भाग सदोष होता, कारण त्यात मज्जापेशीच नव्हत्या. मागचे रेटीत होते, पण पुढचे वाट देत नव्हते. 1948 साली सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यासांनी या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षी बोस्टन येथील शस्त्रवैद्य ऑर्व्हार स्वेन्सन यांनी तो मज्जाहीन भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. जो रोग बालकाचा जीव घेत असे, तो त्यानंतर बरा होऊ लागला.

मज्जापेशी तेथे नसतात याचे कारण गर्भावस्थेत सापडते. या पेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या पेशी प्रवास करीत आतड्यात शिरतात आणि तोंडाकडून गुदद्वाराकडे उतरत जातात. हा प्रवास पहिल्या तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. तो मध्येच थांबला तर शेवटचा टप्पा रिकामा राहतो. म्हणूनच हा दोष गुदद्वारापासून आरंभ होऊन वर कमीअधिक अंतरापर्यंत पोहोचलेला असतो. सुमारे 5,000 बालकांत एकास तो होतो, आणि मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट आढळतो. 1994 साली त्याच्याशी निगडित असा एक प्रमुख जनुकदोषही सापडला. गरोदर मातेने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, कोणाची दृष्ट लागली, यांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

जन्मतः नसलेल्या मज्जापेशींची ही गोष्ट झाली. असलेल्या मज्जापेशी पुढे नष्ट झाल्या तर काय होते, याचे उत्तर दक्षिण अमेरिकेने दिले. ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी 1909 साली एका नव्या रोगाचे वर्णन केले. मातीच्या घरांच्या भेगांत राहणाऱ्या, रक्त शोषणाऱ्या किड्यांच्या विष्ठेतून त्याचा परजीवी जंतू माणसाच्या शरीरात शिरतो. काही रुग्णांत अनेक वर्षांनंतर मोठे आतडे फुगून मलावरोध पराकोटीस जातो, आणि त्यांच्या आतड्यातील मज्जापेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या आढळतात. माणूस तोच, आहार तोच. मज्जापेशी गेल्या आणि मलावरोध आला. याहून निर्विवाद पुरावा कोणता हवा?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ज्यांना हिर्शस्प्रुंगचा रोग नाही, चागासचा रोग नाही, ज्यांचे आतडे क्ष-किरणात व दुर्बिणीत साफ दिसते, तरीही ज्यांना आठ-आठ दिवस शौचास होत नाही, त्यांचे काय? लंडन येथील सेंट मार्क्स रुग्णालयातील प्रेस्टन व लेनर्ड-जोन्स यांनी 1986 साली अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. त्या प्रामुख्याने तरुण स्त्रिया होत्या. बहुतेकींची तक्रार वयात येण्याच्या सुमारास सुरू झाली होती, आठवड्यातून एखादे वेळीच शौचास होई, पोट फुगे व दुखे, आणि कोंडायुक्त आहाराने फारसा लाभ होत नसे. मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकण्याची गतीच त्यांच्या ठायी मंद होती. या प्रकाराला मंदगती मलावरोध असे नाव आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 साली, अमेरिकेत कृष्णमूर्ती, शफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीव्र रुग्णांची शस्त्रक्रियेत काढलेली आतडी तपासली. नेहमीच्या रंगद्रव्यांनी पाहता ती निरोगी दिसत. परंतु चांदीच्या क्षारांचा लेप देऊन मज्जाजाल पाहिले असता मज्जापेशींची संख्या घटलेली व त्यांचे स्वरूप बिघडलेले आढळले. 2000 साली मेयो क्लिनिकमधील संशोधकांना अशा रुग्णांत काहाल यांच्या ताल देणाऱ्या पेशीही उणावलेल्या दिसल्या. पालखीचे वाहकही कमी आणि टाळकरीही कमी, अशी ही अवस्था होय. येथे शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा ऱ्हास मलावरोधाचे कारण आहे की काही अंशी दीर्घकालीन मलावरोधाचा परिणाम आहे, याचा निर्णय प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत देता येत नाही. परंतु भिंतीत दिसणारा दोष हा दोष आहे. त्याला हट्ट किंवा नखरा म्हणता येणार नाही.

वरील हकिकतीतून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. दुर्बिणीने तपासणी करताना आतड्याचे केवळ आतले अस्तर दिसते, आणि घेतलेला तुकडाही बहुधा अस्तरापुरताच असतो. औअरबाखचे जाळे त्याच्याखाली स्नायूंत दडलेले असते. म्हणून 'सर्व तपासण्या निर्दोष आहेत, तेव्हा हे मनाचेच खेळ आहेत,' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. दुर्बिणीचा उपयोग गाठ, व्रण किंवा अडथळा नाही ना, हे पाहण्यापुरता आहे. आतड्याची गती पाहण्याची रीत निराळी. रुग्णाला क्ष-किरणात दिसणारी लहान कडी पोटात घ्यावयास देतात आणि पाचव्या दिवशी पोटाचे छायाचित्र काढून किती कडी उरली ते मोजतात. ही रीत सेंट मार्क्समध्येच 1969 साली मांडली गेली. तिच्याबरोबर गुदाशयाच्या दाबाचीही तपासणी करतात. काही रुग्णांत आतड्याची गती चांगली असते, परंतु कुंथताना सैल पडावयाचे स्नायूच आवळले जातात. अशांना औषधापेक्षा स्नायूंचे शिक्षण अधिक गुणकारी ठरते, आणि यंत्राच्या साहाय्याने ते देता येते. कोणता प्रकार आहे हे न पाहता औषधे बदलीत राहणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

औषधांसंबंधी दोन टोकांच्या समजुती आपल्या घरांतून आढळतात. एक पक्ष जाहिरातीतील चूर्णाची मात्रा दरमहा आपल्याच विचाराने वाढवीत जातो. दुसरा पक्ष रेचकाने आतडी कायमची निकामी होतात म्हणून त्याला शिवत नाही. सोनामुखीसारख्या रेचकांनी मज्जापेशी मरतात अशी शंका 1970 च्या सुमारास व्यक्त झाली होती खरी. पण नंतरच्या अभ्यासांत तिला पक्का आधार मिळाला नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याने वैद्यांच्या सल्ल्याने रेचक घेण्यात कमीपणा नाही. उलट अफू व तिच्यापासून होणारी औषधे आतड्यातील मज्जापेशींना जखडून टाकतात, हे निश्चित आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा तीव्र वेदनाशामक घेणाऱ्याने ही गोष्ट वैद्यास अवश्य सांगावी. आतड्याच्या मज्जातंतूंना चालना देणारे प्रुकॅलोप्राइड हे औषध 2009 साली युरोपात आणि 2018 साली अमेरिकेत मान्य झाले. तेही वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे. सर्व उपाय थकल्यावर, निवडक रुग्णांत, मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रियाही करतात. परंतु तिचा विचार सर्व तपासण्यांनंतर आणि अगदी शेवटी करावयाचा असतो.

वृद्धांविषयी दोन शब्द. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली कंपवाताचे वर्णन केले, त्यातही मलावरोधाचा उल्लेख आहे. या रोगात मेंदूत जे विकृत प्रथिन साठते, तेच आतड्याच्या मज्जाजालातही आढळते, आणि हात थरथरू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे मलावरोध सुरू झालेला असू शकतो. मलावरोध असणाऱ्या प्रत्येक वृद्धास कंपवात होईल, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु चाल मंदावली, अक्षर बारीक झाले, वास येईनासा झाला आणि त्याबरोबर कोठाही जड झाला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. त्याचप्रमाणे पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला मलावरोध, मळातून रक्त, वजनातील घट, पंडुरोग, किंवा पोट फुगून होणाऱ्या उलट्या यांची तपासणी विनाविलंब करावी.

बंधूभगिनींनो, आता ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने तीन विनंत्या करून आम्ही भाषण आटोपते घेतो.

पहिली विनंती घरातील सासू, आई व आजी यांना. निरोगी नवजात बालकाचा पहिला काळपट मळ बहुधा 24 तासांत बाहेर पडतो. 48 तास उलटूनही तो पडला नाही, पोट फुगू लागले, किंवा हिरवी उलटी झाली, तर गुटीत हिरड्याचा वेढा वाढवू नये, एरंडेलाचे बोट चाटवू नये, तेलात बुडविलेल्या विड्याच्या पानाच्या देठाचा किंवा साबणाच्या वातीचा उपाय करीत बसू नये. बालकास तत्काळ बालशल्यविशारदाकडे न्यावे. या रोगात आतड्याला होणारा दाह काही तासांत जिवावर बेतू शकतो. आणि वेळीच ओळखला तर तेच बालक शाळेत जाते, खेळते व मोठे होते.

दुसरी विनंती विवाह जुळविणाऱ्यांना. ज्या घरात एका मुलास हा जन्मजात दोष होता, तेथे पुढील भावंडांत तो होण्याचा संभव इतर बालकांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. ही गोष्ट स्थळ मोडण्यासाठी वापरावयाची नाही. प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना सांगण्यासाठी वापरावयाची आहे. आज आपण नेमके उलट करतो. स्थळ मोडेल या भीतीने शस्त्रक्रियेची हकिकत झाकतो, आणि म्हणून डॉक्टरांनाही ती कळत नाही. शस्त्रक्रिया होऊन बरा झालेला मुलगा हा बरा झालेला मुलगा आहे. त्याच्या पोटावरील व्रण पाहून नाक मुरडणाऱ्या ज्ञातीनेच ही लपवाछपवी निर्माण केली आहे, आणि ती दूर करणेही तिच्याच हाती आहे. त्याचप्रमाणे सासरी नव्याने आलेल्या मुलीस शौचगृहात वेळ लागतो म्हणून तिला टोमणे मारले जात असतील, तर त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ते थांबवावेत. संकोचाने वेग दाबून ठेवण्याची सवय लागली की, साधा मलावरोधही जुनाट होतो.

तिसरी विनंती कार्यकारी मंडळास. आपल्या साहाय्य निधीतून शिक्षणासाठी मदत दिली जाते, ती योग्यच आहे. परंतु नवजात बालकावरील शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या बेताच्या स्थितीतील कुटुंबावर अचानक कोसळतो, आणि तेथे पुढील सभेच्या ठरावाची वाट पाहता येत नाही. अशा प्रसंगी दोघा पदाधिकाऱ्यांच्या सहीने तत्काळ रक्कम देता यावी आणि मंजुरी मागाहून घ्यावी, असा नियम मंडळाने करावा, अशी आमची सूचना आहे. मदत घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये, हेही त्याबरोबरच ठरवावे.

फुगलेल्या आतड्याला साठ वर्षे दोष देण्यात आला आणि खरा दोष त्याच्या खालच्या, सर्वांच्या दृष्टीस साध्या वाटलेल्या भागात निघाला. घरातील दुखणाइतास दोष देण्यापूर्वी वैद्यकाच्या इतिहासातील एवढी एक गोष्ट आठवावी.